ल्युकोडिस्ट्रॉफी जीन पॅनेल: चाचणी चांगली, पण फॉर्म नीट भरला तरच

चाळिशीतल्या माणसाच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये व्हाइट मॅटर (चेतातंतूंचा पांढरा भाग) बिघडलेलं दिसलं की हल्ली न्यूरोलॉजिस्ट ल्युकोडिस्ट्रॉफीचं, म्हणजे व्हाइट मॅटरच्या आनुवंशिक आजारांचं, हे पॅनेल सुचवतात. एकाच रक्तनमुन्यात अनेक जीन तपासले जातात, ही त्याची जमेची बाजू.

सीएसएफ१आर जीनच्या आजारात, म्हणजे एएलएसपी या मोठेपणी सुरू होणाऱ्या ल्युकोडिस्ट्रॉफीत, ते खरं कामाला येतं. तिथे बऱ्याचदा स्मरणशक्तीच्या आधी स्वभावच बदलतो. माणूस गप्प-गप्प, निरुत्साही होतो, घरखर्चाचा हिशेब जमेनासा होतो आणि घरच्यांना ते डिप्रेशन वाटतं. पुढे चाल मंदावते, पाय ताठरतात, बोलणं जड होतं, काहींना फिट्स येतात. पार्किन्सनसारखं दिसतं, पण लेव्होडोपा या पार्किन्सनच्या औषधाने फारसा फरक पडत नाही. एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) समजून उपचार होणंही नवीन नाही. एमआरआयमध्ये बिघाड बहुधा पुढच्या भागात आणि दोन्हीकडे असमान असतो, कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पट्टा) पातळ झालेला असतो, डिफ्यूजन या एमआरआयच्या प्रकारात महिनोन्‌महिने न विझणारे चमकदार ठिपके दिसतात. सीटीत कॅल्शियमचे बारीक कण सापडतात, मात्र काप पातळ घ्यायला सांगावे लागतात. जाड कापांत ते निसटतात.

रक्त ३ ते ५ मिली, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये. उपाशीपोटी यायची गरज नाही. रिपोर्टला काही आठवडे लागतात. खरी मेख फॉर्ममध्ये आहे. लॅब हजारो जनुकीय बदलांतून लक्षणांशी जुळणारे बदल निवडते. फॉर्मवर नुसतं ‘डिमेन्शिया’ लिहून पाठवलं तर ती चाळणी भलतीकडेच लागते. लक्षणं सुरू झाली तेव्हाचं वय, एमआरआयचा रिपोर्ट आणि तीन पिढ्यांची वंशावळ जोडाच. ‘आजोबांना वेड लागलं होतं’, ‘आत्याचे पाय गेले होते’ हेही लिहा.

आता उणीव. एलएमएनबी१ या दुसऱ्या जीनच्या आजारात बहुधा तो जीन दुप्पट झालेला असतो. त्यात लघवीचा त्रास, बद्धकोष्ठता, उभं राहताच बीपी उतरणं हे चालण्याच्या तक्रारीआधी येतं. साध्या सिक्वेन्सिंगला (जीनचा क्रम वाचण्याला) ही दुप्पट दिसेलच असं नाही, म्हणून कॉपी नंबर तपासणी (जीनच्या प्रती मोजणं) पॅनेलात आहे का ते आधी विचारा. पुरुषाचे पाय ताठरलेत आणि त्वचा काळवंडलीय, तर पॅनेलआधी रक्तातली व्हीएलसीएफए (खूप लांब साखळीची फॅटी ॲसिड्स) पातळी बघा. बी१२ आणि एचआयव्हीही पॅनेलआधीच.

रिपोर्टमध्ये ‘व्हीयूएस’ (म्हणजे ज्याचा अर्थ अजून नक्की नाही असा बदल) आलं तर निदान झालं असं समजू नका. तो बदल घरातल्या दुसऱ्या आजारी व्यक्तीत आहे का, ते पाहावं लागतं. एएलएसपी पक्का ठरला, तर प्रत्येक अपत्याला तो बदल मिळण्याची शक्यता ५० टक्के. लक्षणं नसलेल्या अल्पवयीन मुलांची चाचणी करू नये. सज्ञान मुलांनी आधी जेनेटिक काउन्सेलरशी बोलावं. काही पॅकेजेसमध्ये हे समुपदेशन रिपोर्टनंतरच मिळतं, त्याचा एक तारा कापला.

पाचपैकी साडेतीन. पैसे भरतानाच कच्चा डेटा (सिक्वेन्सिंगच्या मूळ फाइल्स) मिळेल का विचारून ठेवा. आज निगेटिव्ह आलेला रिपोर्ट काही वर्षांनी पुन्हा तपासता येतो.