साताऱ्याहून कुलधरा: सहल उत्तम, कथन अपुरे

साताऱ्यातील एका सहल कंपनीच्या राजस्थान यात्रेत जैसलमेरच्या मुक्कामात कुलधरा हे ओसाड गाव दाखवले जाते, आणि मी ही यात्रा मुख्यतः त्या एका ठिकाणासाठी निवडली. प्रवास, निवास व जेवण यांविषयी तक्रारीला जागा नाही. गाड्या स्वच्छ होत्या आणि सोबतच्या आचाऱ्यांनी वाळवंटातही पिठले-भाकरी वेळेवर वाढली.

जैसलमेरपासून सुमारे १८ किलोमीटरवर असलेले कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचे गाव. तेराव्या शतकाच्या सुमारास वसलेले हे गाव एकोणिसाव्या शतकात जवळजवळ निर्मनुष्य झाले. सरळ आखलेले रस्ते, पिवळसर दगडाच्या छप्पर नसलेल्या भिंती आणि मधोमध उभे असलेले देऊळ पाहताना इथे किती सुजाण माणसे राहत असतील, हे कोणी सांगावे लागत नाही. आमच्या वाटाड्याने मात्र फाटकापाशीच आख्यायिका सुरू केली. जैसलमेरचा दिवाण सालिमसिंह याची नजर गावच्या मुखियाच्या मुलीवर पडली, त्याने तिची मागणी घातली, आणि अब्रू राखण्यासाठी पालीवालांच्या ८४ गावांनी एका रात्रीत घरेदारे सोडली. जाताना त्यांनी दिलेल्या शापामुळे इथे पुन्हा कोणी नांदू शकले नाही, आणि अंधार पडल्यावर पावलांचे आवाज येतात, असे ते कथन होते. वाटाडे कथा रंगवून सांगतात आणि ती ऐकण्याजोगी आहे, कारण लोकांनी आपल्यावरील जुलमाची आठवण त्या रूपात जपली आहे. परंतु कंपनीने तेवढ्यावरच थांबावे, हे मला मुळीच पटले नाही.

या गावाचा खरा काळोख जुलमी करआकारणीत आणि आटत गेलेल्या पाण्यात आहे. सालिमसिंह ही कल्पित व्यक्ती नव्हे. त्याने पालीवालांना लुबाडल्याचे आणि ते परागंदा झाल्याचे त्या काळचे ब्रिटिश अधिकारी व इतिहासकार कर्नल जेम्स टॉड यांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्याच नोंदीनुसार १८१५ च्या सुमारास इथे २०० घरे व ८०० माणसे होती, आणि नंतरच्या नोंदीनुसार १८९० च्या सुमारासही ३७ माणसे राहत होती, म्हणजे गाव एका रात्रीत नव्हे तर कित्येक दशकांत रिकामे होत गेले. काही संशोधक भूकंपाचीही शक्यता मांडतात.

पालीवालांच्या ‘खडीन’ पद्धतीचा तर उल्लेखही झाला नाही, याचे मला अतिशय वाईट वाटले. उताराच्या तळाशी लांब मातीचा बांध घालून पावसाचे वाहते पाणी अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर गहू-हरभऱ्याचे रब्बी पीक घ्यायचे, अशी ही व्यवस्था त्यांनी अत्यंत तुटपुंज्या पावसाच्या प्रदेशात उभी केली. आमच्या गटात माण-खटावची बरीच मंडळी होती. ज्यांनी पाण्यावाचून घरांना कुलपे लागलेली पाहिली आहेत आणि बांधबंदिस्तीसाठी स्वतः श्रमदान केले आहे, त्यांना भुतापेक्षा हा बांध कितीतरी अधिक जवळचा वाटला असता. एका वृद्ध शेतकऱ्याने “इथे प्यायचे पाणी कुठून येत होते हो?” असे विचारले, तेव्हा वाटाड्याला उत्तर देता आले नाही, माझ्या मते त्या दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता.

वेळेचे नियोजनही सुधारायला हवे. सकाळी शहरात सालिमसिंहाची हवेली, तिच्या छताखालच्या मोराच्या आकाराच्या कोरीव आधारांसह, बाहेरून दाखवली गेली. पण हाच तो दिवाण, हे कोणीही सांगितले नाही, त्यामुळे दुपारी त्याचे नाव ऐकूनही अनेकांना संदर्भ लागला नाही. सूर्यास्तानंतर आत थांबू देत नाहीत, म्हणून दुपारी उशिरा पोहोचलेल्या आम्हांला देवळापलीकडचा भाग घाईने पाहावा लागला, आणि जवळचे खाभा हे दुसरे ओसाड गाव तर वगळलेच गेले.

तरीही ही यात्रा करावी, असे मी साताऱ्यातील वाचकांना मनापासून सुचवेन. नोंदणी करतानाच कुलधऱ्यासाठी सकाळची वेळ आणि खडीन दाखवू शकणारा स्थानिक जाणकार मागून घ्यावा. ज्येष्ठांनी टोपी व पाणी जवळ ठेवावे, कारण पडक्या घरांमध्ये सावली फारच थोडी आहे.