बिलावर कुलंट, टाकीत हिरवं पाणी: डिझेल गाडीवाल्यांनी हे वाचाच

मराठवाड्यात डिझेल गाडी वापरणाऱ्या आणि ती बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसला देणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. 'लाँग लाइफ कुलंट'चे (कुलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणारं द्रव) पैसे घेऊन माझ्या गाडीत रंग टाकलेलं पाणी भरलं गेलं, आणि झाकण उघडून बघितलं तरी कळू नये इतकं ते खऱ्यासारखं दिसत होतं.

गाडी बीएस-6 डिझेल. मागच्या दिवाळीआधी जालन्यातल्या एका गॅरेजला दिली, तेव्हा मालकाला गाडीची पुस्तिका उघडून दाखवली होती. अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरला चालणारं, फॉस्फेटयुक्त इथिलीन ग्लायकॉलचं कुलंट, आणि त्यात मिसळायला क्षार काढलेलं पाणी, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. "तेच टाकतो भाऊ, निवांत राहा," म्हणाला. जुनं काढणं, सिस्टिम धुणं आणि नवं कुलंट मिळून 2,800 रुपये बिलात लावले.

यंदा वैशाखात आईला तुळजापूरला घेऊन निघालो. बीड मागे टाकून मांजरसुंब्याचा घाट चढताना गाडी भरलेली, एसी चालू, बाहेर ऊन मी म्हणत होतं. तापमानाचा काटा चढत गेला आणि लाल दिवा लागला. गाडी कडेला घेऊन बंद केली. बीडहून एक वयस्कर मिस्त्री आले. इंजिन पुरतं गार होईपर्यंत त्यांनी झाकणाला हात लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. तापलेल्या सिस्टिमचं झाकण उघडलं की उकळतं पाणी दाबाने तोंडावर येतं. मग त्यांनी कुलंटच्या टाकीतले दोन थेंब बोटांवर चोळले आणि म्हणाले, "दादा, ह्यात कुलंट हायच कुठं? रंगाचं पाणी हाय हे." ग्लायकॉल बोटाला बुळबुळीत लागतं, हे तसं लागत नव्हतं. झाकणाच्या आतून पांढरा खर साचला होता आणि टाकीच्या तळाला तांबूस गाळ.

खात्री करायची युक्तीही त्यांनीच सांगितली. टाकीतला नमुना एका बाटलीत, सीलबंद डब्यातलं तयार कुलंट दुसऱ्या बाटलीत, दोन्ही रात्रभर घरच्या फ्रीजरमध्ये. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असलेलं कुलंट उणे 37 अंशांच्या आसपास गोठतं. घरचा फ्रीजर साधारण उणे 18 पर्यंत जातो. सकाळी डब्यातलं कुलंट हलवलं की डुचमळत होतं, माझ्या गाडीतलं दगडासारखं घट्ट झालं होतं. ज्याच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर (द्रवात ग्लायकॉल किती ते दाखवणारं छोटं उपकरण) आहे तो मेकॅनिक हेच एका थेंबावर सांगू शकतो. फ्रीजरमध्ये करणार असाल तर बाटलीवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा आणि नंतर ती फेकून द्या. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. लेकरं आणि कुत्र्या-मांजरांना जपा.

गॅरेजवाल्याला जाब विचारला तर म्हणाला, "आपल्याकडं कुठं बर्फ पडायलाय? कुलंट थंडीच्या मुलखात लागतंय." हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल, म्हणून त्याचं उत्तर नीट सांगतो. न गोठणं हे कुलंटच्या कामातलं आपल्याला सगळ्यात कमी लागणारं काम. ते पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळतं, आणि त्यातली रसायनं अ‍ॅल्युमिनियमचं हेड, रेडिएटर, वॉटर पंप यांना गंजापासून वाचवतात. नव्या डिझेलमध्ये हेच कुलंट ईजीआर कूलरमधूनही, म्हणजे इंजिनाचा धूर परत आत सोडण्याआधी गार करणाऱ्या भागातूनही, फिरतं. तिथल्या वाटा अरुंद आणि पलीकडे धुराड्याचा तापलेला वायू. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. पाणी तापवायच्या हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तोच इंजिनात सगळ्यात तापलेल्या जागी चढतो, आणि नेमकी तिथलीच उष्णता बाहेर पडेनाशी होते. माझ्या गाडीचा थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप बदलावा लागला, रेडिएटर आणि ईजीआर कूलर उतरवून साफ करावा लागला. तीस हजारांच्या वर गेले. हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याच्या हेडमधलं सील) वाचलं, कारण गाडी लगेच बंद केली होती.

रंगावर तर बिलकूल जाऊ नका. हिरवा, लाल, गुलाबी, निळा हा नुसता टाकलेला रंग असतो, त्याला कुठलंही एकच मानक नाही. जपानी-कोरियन गाड्यांना सहसा फॉस्फेटवालं, सिलिकेट नसलेलं कुलंट लागतं. युरोपीय कंपन्यांनी कठीण पाण्यात साका धरतो म्हणून फॉस्फेट टाळून सिलिकेटची वाट धरली. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांना जी-12 इव्हो असे स्वतःचे क्रमांक असतात. एका जातीत दुसरी ओतली तर गंज रोखणारी रसायनं लवकर संपतात, कधी गाळही धरतो. म्हणून पुस्तिकेतला क्रमांक किंवा वर्णन डब्यावर छापलेलं आहे का तेच बघा. नुसतं 'सगळ्या गाड्यांना चालतं' एवढंच लिहिलेला डबा घेऊ नका.

मी आता कुलंट स्वतः विकत नेतो, तेही आधीच पाणी मिसळलेलं तयार, म्हणजे गॅरेजमधल्या नळाचा प्रश्नच येत नाही. सील माझ्यासमोर तुटतं, रिकामे डबे मी घरी आणतो. पुस्तिकेतल्या लिटरच्या आकड्याशी डबे जुळले पाहिजेत. आत धुतल्याचं थोडं पाणी उरतं, त्यामुळे किंचित कमी लागू शकतं, पण बिलात सात लिटर आणि समोर एकच डबा असेल तर तिथेच विचारा. 'कुलंट' एवढ्यावर बिल घेऊ नका, कंपनी, प्रकार आणि लिटर लिहून घ्या.

गॅरेजवाल्याने कुलंटचे पैसे परत केले, दुरुस्तीच्या खर्चाला मात्र हात वर केले. त्यासाठी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आणि तिथे निकाल लागला नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाणार आहे. तिथे तक्रार दाखल करायला दोन वर्षांची मुदत असते. बीडच्या मिस्त्रींनी काय सापडलं ते स्वतःच्या बिलावर लिहून सही करून दिलं आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर दुरुस्ती करणाऱ्याकडून एवढं जरूर लिहून घ्या, आणि टाकीतला नमुना सगळा ओतून देण्याआधी थोडा बाजूला काढून ठेवा.