फोनसोबत आलेली ॲप्स आणि यूआय ऑटोमेटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

डायलर, सेटिंग्ज, घड्याळ, कॅमेरा ही फोनसोबत आलेली ॲप्स आपोआप तपासायची तर एस्प्रेसोचा, म्हणजे ॲपच्या आत शिरून चाचणी घेणाऱ्या गूगलच्या साधनाचा, विचार सोडाच. त्याच्या टेस्ट एपीकेवर (चाचणीच्या इन्स्टॉल फाइलवर) मूळ ॲपचीच डिजिटल सही लागते आणि ती किल्ली फोन बनवणाऱ्या कंपनीकडे. यूआय ऑटोमेटर हे गूगलचंच दुसरं चाचणी-साधन ॲक्सेसिबिलिटीच्या (दिव्यांगांसाठी स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीच्या) वाटेने स्क्रीन वाचतं, त्यामुळे सहीचा प्रश्न येत नाही. गोव्यात पर्वरीतल्या आमच्या चाचणी-फोनांच्या रॅकवर ते रोज रात्री चालतं.

सगळ्यात जास्त घाम सेटिंग्जने काढला. यादीतल्या जवळपास प्रत्येक ओळीच्या शीर्षकाचा आयडी एकच, अँड्रॉइडचा 'टायटल'. मग शोधायचं मजकुरावरून, आणि फोन मराठीत केला की इंग्रजी मजकुरावर लिहिलेली स्क्रिप्ट आडवी. गोव्यात विकायच्या फोनवर मराठी तपासणं टाळून कसं चालेल? चालू भाषेतला शब्द सेटिंग्जच्याच रिसोर्समधून (ॲपमधल्या मजकुराच्या साठ्यातून) उचलता येतो, पण कंपन्या त्यातल्या स्ट्रिंगांची, म्हणजे मजकुराच्या नोंदींची, नावं बदलतात. त्यापेक्षा एडीबीवरून (संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनातून) 'वायफाय सेटिंग्ज' हा इंटेंट, म्हणजे ते पान उघडण्याची विनंती, देऊन थेट त्या पानावर उतरावं.

घड्याळातलं स्टॉपवॉच सुरू असताना स्क्रीन कधी शांतच होत नाही. ऑटोमेटर मात्र ती शांत होण्याची वाट बघतो, डिफॉल्ट मर्यादा १० सेकंद. बटण समोर असूनही प्रत्येक शोध तेवढा रेंगाळतो, आणि डम्प (स्क्रीनवरच्या घटकांची यादी) मागितला तर 'कुड नॉट गेट आयडल स्टेट'. ही मर्यादा फक्त त्या टेस्टपुरती ० करावी. सगळीकडे ० ठेवली तर टॅप अर्धवट उघडलेल्या पानावर पडतात.

कॅमेऱ्यासाठी हे साधन अर्धंच. दृश्य एका सरफेसवर रंगतं, ऑटोमेटरला घटकांच्या झाडात दिसतात ती फक्त बटणं. फोटो निघाला की नाही हे डीसीआयएमच्या (फोनमधल्या फोटोंच्या जागेच्या) कॅमेरा फोल्डरमध्ये नवी फाइल आली का, तिचा आकार शून्य तर नाही ना, यावरून ठरवावं.

काल पास झालेला डायलर आज नापास, तर आधी एडीबीवरून 'डम्पसिस पॅकेज' ही ॲपची माहिती देणारी आज्ञा बघा. व्हर्जननेमच्या दोन ओळी दिसल्या तर वरची प्ले स्टोअरवरून आलेली, 'हिडन सिस्टिम पॅकेजेस'खालची मूळ रॉममधली, म्हणजे फोनसोबत आलेल्या सिस्टिममधली. रॉम तपासायचा असेल तर पीएमच्या (पॅकेज मॅनेजरच्या) 'अनइन्स्टॉल-सिस्टिम-अपडेट्स' आज्ञेने मागे जा आणि ऑटो-अपडेट बंद करा.

पावसात लाईट गेली की फोन जोडलेला यूएसबी हब बंद पडतो. स्क्रीन जागी ठेवणारं 'स्टे अवेक' चार्जिंगवरच चालतं, म्हणून फोन लॉक होतो आणि अहवालात येतं 'घटक सापडला नाही'. हब यूपीएसवर घ्या; टेस्टच्या सुरुवातीला फोन जागा करणारा वेकअप कीइव्हेंट (बटण दाबल्याचा संकेत) २२४ पाठवा. स्क्रीन लॉक ठेवूच नका.