वेरूळची लेणी: पुराणकथा लिहिणाऱ्यांच्या कामाची किती?

पुराणकथेवर लिहायला बसणाऱ्यांची बहुधा एकच अडचण असते. कथा पाठ असते, पण डोळ्यांपुढे येतो तो मालिकेचा सेट: चकचकीत मुकुट, धूर आणि तीनदा कडाडणारी वीज. ही सवय मोडायला वेरूळइतका स्वस्त उपाय नाही. भारतीयांना खिडकीवर 40 रुपयांचं तिकीट, छत्रपती संभाजीनगरहून साधारण 30 किलोमीटर. मंगळवारी लेणी बंद असतात, हे निघण्याआधीच लक्षात घ्या.

सगळी 34 लेणी एका दिवसात उरकायची म्हटलं, तर वहीत फक्त विशेषणं जमतात. लिहिणाऱ्याने एकच प्रसंग धरावा, आणि त्यासाठी रावणानुग्रहाइतका चांगला दुसरा प्रसंग इथे नाही. वाट अडली म्हणून रावण कैलास उचलायला जातो, शिव पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबतो, रावण खाली अडकतो. हाच प्रसंग 14, 16, 21 आणि 29 या चार लेण्यांत कोरलेला आहे. प्रत्येक ठिकाणी चारच गोष्टी टिपा: पात्रं किती, कोण कुणाकडे पाहतंय, रावणाचे हात काय करताहेत, आणि शिल्पकाराने काय गाळलंय. चौथा रकाना सगळ्यात कामाचा.

जास्त वेळ अर्थातच 16 क्रमांकाला, म्हणजे कैलास लेण्याला द्यावा. आत शिरून उजवीकडे, दक्षिणेच्या अंगाला हे शिल्प आहे. रावण खालच्या खोबणीत, मागच्या दगडापासून जवळजवळ सुटा कोरलेला, त्यामुळे त्याच्याभोवती खराखुरा अंधार साचतो. वर पार्वती घाबरून शिवाला बिलगली आहे, तिची दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे, आणि शिव निवांत. भीती मोजायला शिल्पकाराने देव वापरला नाही, दासी वापरली. रावणाचा आक्रोश कथेत पुढे येतो, तो या शिल्पात नाही. नवखा लेखक हमखास त्या आक्रोशापासून सुरुवात करतो.

त्याच मंदिरावर आकाशगामी गंधर्व-विद्याधर आहेत. त्यांना पंख नाहीत. गुडघे दुमडलेले, पाय मागे फेकलेले, कंबर वळलेली, एवढ्यावर ते उडतात. अप्सरेला परीचे पंख चिकटवणाऱ्या मुखपृष्ठकारांनी हे एकदा पाहायला हरकत नाही. जिन्यालगतच्या भिंतीवर दक्षिणेला रामायण आणि उत्तरेला महाभारत आडव्या पट्ट्यांत कोरलेलं आहे. कथेचे तुकडे कसे पाडायचे, कुठला प्रसंग दोन बोटांत उरकायचा आणि कुठल्याला जागा द्यायची, हे तिथे उभ्याउभ्या शिकता येतं.

दंतकथाही इथली जातिवंत. इतिहास हे लेणं आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजा कृष्ण (पहिला) याच्याकडे देतो. ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथातली कथा मात्र राणीची आहे: राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असा तिचा नवस. पैठणचा कोकस नावाचा कारागीर आठवड्यात कळस दाखवतो म्हणाला आणि त्याने डोंगर माथ्यापासून खोदायला घेतला. मंदिर खरोखरच वरून खाली कोरलेलं आहे. अंगण साधारण 84 मीटर लांब, 47 मीटर रुंद, मागची कडा 33 मीटरच्या आसपास. ‘वरून का?’ या कारागिरीच्या प्रश्नाला लोकांनी उपाशी राणीचं उत्तर दिलं. कथाबीज कसं रुजतं याचा इतका नेमका नमुना सहसा सापडत नाही.

आता उणिवा. आतल्या भागात उजेड कमी, म्हणून टॉर्च हवाच. तो समोरून मारला की शिल्प सपाट दिसतं. बाजूने तिरपा धरला की बोटं, दागिने, भुवया सुट्या होतात. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तेव्हा वही आणि पेन्सिल बरी. शिल्पावर कागद ठेवून घासायचा मोह मात्र आवरा. मार्गदर्शक घेतलात तर तो सांगेल ती दंतकथा आणि दगडावर दिसतं ते, दोन्ही वेगळ्या पानांवर लिहा. एकत्र लिहिलं की घरी गेल्यावर वेगळं करता येत नाही. फोटो काढताना आधी लेण्याच्या क्रमांकाचा फोटो घ्या, नाहीतर चारही रावण एक होतात.

क्रम असा ठेवा: सकाळी गर्दीआधी 16, मग 14, त्यानंतर 21. इथे सारीपाट खेळणाऱ्या शिव-पार्वतीच्या खाली नंदीला छळणारे गण आहेत. पुराणात विनोद नसतो म्हणणाऱ्यांना ते दाखवावेत. 29 थोडं लांब पडतं, तिथे वाहनाने जा. दुपार कलली की 10 क्रमांकाच्या चैत्यात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात या. लेणी पश्चिमाभिमुख असल्याने तेव्हा उजेड गवाक्षातून आत येतो.

नुसतं भारावून जायचं असेल, तर कैलासात तासभर पुरे. दोन-तीन प्रसंगांची कच्ची टिपणं हवी असतील, तर पूर्ण दिवस काढा, आणि शनिवार-रविवार टाळा.