जखमेवरचा हायपोक्लोरस स्प्रे : सहा आठवडे वापरून झाल्यावर

बाबांना शुगर आहे, त्यात नवीन चपलेचा पट्टा करंगळीशेजारी घासला आणि त्यांना कळलंच नाही, मोज्याला डाग दिसला तेव्हा आईने आरडाओरडा केला. सर्जननी जखम साफ केली आणि रोजच्या ड्रेसिंगला हा स्प्रे लिहून दिला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तक्रार आहे. आत काय, पाणी, थोडं मीठ आणि अगदी थोडं हायपोक्लोरस ॲसिड.

ॲसिड वाचून बाबा पाय मागे घ्यायला लागले. त्यांच्या पायाला तसंही फार काही जाणवत नाही, म्हणून आधी विळीने कापलेल्या माझ्याच बोटावर मारून बघितलं. अजिबात झोंबलं नाही, गार पाणी लागल्यासारखं, आणि वास स्विमिंग पूलचा. यासाठी पूर्ण मार्क.

मग मी वाचत बसलो तर गंमत अशी की हे ॲसिड आपलं शरीर स्वतःच बनवतं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेझ हे एन्झाइम ठासून भरलेलं, ते हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मिठातलं क्लोराइड घेऊन जागच्या जागी हायपोक्लोरस तयार करतं आणि जंतू मारतं. हे एन्झाइमच हिरवट असतं, पू आणि कफाला जी हिरवी झाक येते ती बरीचशी त्याचीच. १९४१ साली स्वीडनच्या शेल आग्नर यांनी ते वेगळं काढलं तेव्हा नावही हिरव्या रंगावरून ठेवलं होतं, व्हर्डोपेरॉक्सिडेझ. (म्हणून गॉज हिरवा दिसला की "शरीर काम करतंय" म्हणून गप्प बसू नका, एका जंतूमुळेही तसा रंग येतो, डॉक्टरांना दाखवा.)

पण या एन्झाइमला थांबायचं कळत नाही. जखम रेंगाळली की न्यूट्रोफिल येतच राहतात, फुटतात, आतला माल बाहेर सांडतो, सोबत इलास्टेजसारखी प्रथिनं कातरणारी एन्झाइम्स, मग जंतूंबरोबर नवीन येणारं मासही खराब होतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. काही लोकांत तर याच एन्झाइमविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात आणि किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात. बरं, नको म्हणून बंद पाडावं तर तेही नाही, काहींना जन्मतःच ते कमी असतं, बहुतेकांना काही त्रास होत नाही पण सोबत शुगर असली तर कँडिडा बुरशीचं इन्फेक्शन जोरात होऊ शकतं.

स्प्रे मला पटला तो इथेच. मारायचा, थोडा वेळ ठेवायचा, गॉजने टिपून घ्यायचा, संपलं. पहिल्या महायुद्धात डेकिन सोल्युशन वापरायचे, ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, त्याने जीव वाचले पण ते चांगल्या पेशींनाही लागतं, हे त्यापेक्षा बरंच सौम्य. घरातलं ब्लीच पातळ करून मारायचा शहाणपणा कोणी करू नका.

आता तक्रार. दहाव्या दिवशी पंप अडकला, दाबलं की एक थेंब यायचा, ड्रेसिंगवाल्या सिस्टर शेवटी झाकण काढून थेट गॉजवर ओतायला लागल्या. दुकानदार म्हणाला कंपनीला मेल करा, मेल केला, उत्तर नाही. दुसरी चूक माझी, बाटली खिडकीत उन्हात ठेवली, आठवड्यात वासच गेला. उन्हाने हे ॲसिड मोडतं, लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

जखम भरली, पण सगळं श्रेय स्प्रेला देणार नाही, सर्जनचा हात, आटोक्यात आलेली शुगर आणि फेकून दिलेली ती चप्पल यांचाही वाटा आहेच. पाचपैकी साडेतीन, अर्धा पंपाने खाल्ला आणि एक त्या न आलेल्या उत्तराचा. घ्यायचा तर १०० मिलीच्या छोट्या बाटल्या घ्या, ५०० मिलीची आमची अजून अर्धी कपाटात पडून आहे आणि उघडल्यानंतरची तारीख उलटून गेलीय.