‘ब्लू मून’ म्हणजे ‘कधीच नाही’ नव्हे: एका वाक्प्रचार-पुस्तिकेविषयी

जळगाव-धुळ्याकडे स्पर्धा परीक्षेच्या मुलांकडे इंग्रजी वाक्प्रचारांची एक झेरॉक्स पुस्तिका फिरते. खिशात मावते, अक्षर ठसठशीत आहे. ‘पीस ऑफ केक’ला ‘डाव्या हातचा मळ’ दिलंय, अगदी चपखल. घसरते ती ‘वन्स इन अ ब्लू मून’पाशी.

तिथे अर्थ छापलाय ‘कधीच नाही’. साफ चूक! क्वचित का होईना, गोष्ट घडते, म्हणून तर ‘वन्स’ आहे. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: सठीसामासी. ‘उंबराचं फूल’ जवळचं, पण ते दुर्मीळ माणसाला किंवा वस्तूला लावायचं; इथे ‘किती वेळा?’चं उत्तर हवंय.

अर्थ चुकला की वाक्यही बिघडतं. ‘कधीच नाही’ पाठ केलेला मुलगा हमखास ‘ही डझन्ट कम वन्स इन अ ब्लू मून’ लिहून येतो. नकार काढायचा: ‘ही कम्स टू शहादा वन्स इन अ ब्लू मून.’ मराठीत ‘तो सठीसामासी येतो’ म्हणतो, म्हणून मुलं हा वाक्प्रचार क्रियापदाआधी घुसवतात; इंग्रजीत तो बहुतेकदा शेवटी जातो. ‘अ’च्या जागी ‘द’ नको. ‘इज कमिंग’ही नको, सवय सांगायला साधा वर्तमानकाळच. दरवर्षी ठरल्या वेळी होणाऱ्या गोष्टीलाही हा वाक्प्रचार लावू नये. पुस्तिकेतलं कानबाईचं (खानदेशातल्या देवीच्या उत्सवाचं) उदाहरण त्यामुळे बाद. कानबाई तर दर श्रावणात येते.

उगमाची टीपही अर्धवट आहे. ‘चंद्र निळा दिसतो’ एवढंच लिहून सोडलंय. तसा तो क्वचित दिसतो, १८८३च्या क्राकाटोआ ज्वालामुखीनंतर राखेमुळे दिसला होता. आजच्या बोलण्यातला ब्लू मून मात्र इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा, रंग नेहमीचाच. दोन पौर्णिमांत साडेएकोणतीस दिवस, त्यामुळे फेब्रुवारीत तो येणं शक्य नाही. १९ वर्षांत साधारण ७ वेळा येतो, आपल्या धोंड्याच्या महिन्याचाही हिशोब तोच. ३१ मे २०२६ची पौर्णिमा ब्लू मूनही आहे आणि अधिक ज्येष्ठातलीही. हा ‘दुसरी पौर्णिमा’ अर्थ १९४६ साली एका अमेरिकी मासिकातल्या चुकीतून पसरला. वाक्प्रचार त्याहून जुना. म्हणून ‘अडीच-तीन वर्षांतून एकदा’ असं भाषांतर करू नका.

घ्यायची तर घ्या, पण त्या ओळीवर पेनाने ‘सठीसामासी’ लिहा आणि कानबाईचं वाक्य खोडा.