भुईकाटा बसवताय? खड्ड्यातला की जमिनीवरचा

कांद्याच्या खळ्यासाठी, म्हणजे व्यापारी लिलावात घेतलेला कांदा जिथे उतरवून घेतो त्या जागेसाठी, भुईकाटा (भरलेली गाडी तोलायचा काटा) घ्यायचा ठरला की टनेज, लांबी, इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारं यंत्र) यांवर घरात भरपूर चर्चा होते. प्लॅटफॉर्म खड्ड्यात बसवायचा की जमिनीच्या वर, हे मात्र जागा बघून तिथल्या तिथे ठरवून टाकतात. निफाड तालुक्यात आमच्या घरात दोन्ही प्रकार आहेत. थोरल्या भावाच्या खळ्यावर खड्ड्यातला काटा आहे, माझ्याकडे पिटलेस, म्हणजे जमिनीवरचा. हंगामात एकमेकांच्या काट्यावर बसावंच लागतं, म्हणून दोन्हींबद्दल चार गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

आधी खड्ड्याची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. प्लॅटफॉर्म जमिनीच्या सपाटीला येतो. लिलाव संपला की ट्रॅक्टर एकामागोमाग एक येतात. वळण घेतलं, काट्यावर उभं राहिलं, वजन झालं आणि थेट खळ्यात. रॅम्पला जागा द्यावी लागत नाही. पिटलेसचा प्लॅटफॉर्म साधारण दीड-दोन फूट वर असतो. दहा फुटांना एक फूट चढ धरला तरी दोन्ही टोकांना पंधरा-वीस फुटांचा रॅम्प आला, शिवाय ट्रॉली सरळ व्हायला त्याच्या अलीकडे-पलीकडे मोकळी जागा हवीच. बाजारपेठेच्या रस्त्यालगत एवढी जागा अडकवणं सगळ्यांना परवडत नाही, हे मला मान्य आहे.

बांधकामाचा खर्च मात्र खड्ड्याचा जास्त येतो. चारही बाजूंच्या आरसीसी भिंती, तळाला उतार, पाणी काढायचा खड्डा आणि पंप हे सगळं त्यात धरावं लागतं. आमच्याकडे काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि फुगताना भिंतीला आतल्या बाजूला ढकलते. भिंत आणि प्लॅटफॉर्म यांच्यात बोटभर फट ठेवलेली असते, तीच मग कमी होत जाते. पिटलेस घेतला म्हणजे मातीची कटकट गेली, असंही समजू नका. पाया मुरूम लागेपर्यंत खणावाच लागतो. फक्त मातीचा दाब अंगावर घेणारी भिंत नसते, एवढा फरक.

आता माझा कौल ज्यावर ठरला ती गोष्ट: शून्य.

शेतकरी काट्याच्या खिडकीशी येतो तेव्हा आधी डिस्प्लेकडे बघतो. गाडी चढण्याआधी तिथे शून्य दिसलं पाहिजे. खड्ड्यातल्या काट्यावर हे शून्य टिकवणं हे रोजचं काम होऊन बसतं. ट्रॉलीच्या टायरला चिकटलेला चिखल, रस्त्यावरची खडी, कांद्याची पात आणि टरफलं हे सगळं त्या फटीत जातं. टरफल, पात निघते. खडीचा एखादा दगड पाचरीसारखा अडकला की पंचाईत. रिकाम्या काट्यावर कधी 10, कधी 20 किलो दिसतात. ऑपरेटर शून्याचं बटण दाबतो, आकडा जातो, दगड तिथेच राहतो.

यात नुकसान कुणाचं होतं ते नीट समजून घ्या. प्लॅटफॉर्म लोडसेलवर (प्लॅटफॉर्मखालचे वजन मोजणारे सेन्सर) मोकळा, किंचित हलता राहिला तरच सगळा भार लोडसेलवर येतो. दगड अडकला की थोडा भार भिंत उचलते. भरलेल्या ट्रॅक्टरचं वजन कमी दिसतं. रिकाम्या ट्रॅक्टरचंही दिसतं, पण तितकं नाही. वजाबाकी केली की निव्वळ वजनात घट येते आणि ती शेतकऱ्याच्या काटापट्टीवर (वजनाच्या पावतीवर) पडते. भाव समजा क्विंटलला 1500 असेल तर 20 किलोचे 300 रुपये झाले. ज्यानं चार महिने कांदाचाळीत कांदा सांभाळला, त्याच्या हिशेबातून ते जाणं मला पटत नाही. आणि एकदा का ‘त्या काट्यावर वजन कमी येतं’ अशी चर्चा झाली, की ती पुसता येत नाही.

भावाकडे सकाळी लिलावाआधी एक माणूस पातळ सळई घेऊन सगळी फट फिरून येतो. पावसाळ्यात तेवढ्यानं भागत नाही, खाली उतरावं लागतं. खाली पाणी असतं. रात्री वीज गेली की पंप बंद, म्हणजे सकाळी जंक्शन बॉक्सपर्यंत (सगळ्या लोडसेलच्या केबल जिथे जोडतात ती पेटी) पाणी पोचलंय का ही धास्ती. लोडसेल चांगल्या सीलचे असतील तर पाण्यात तग धरतात, जंक्शन बॉक्समधले केबलचे जोड धरत नाहीत. उंदीर केबल कुरतडतात. उंदरांमागे साप येतात. एकदा खाली घोणस दिसल्यापासून कामगार बॅटरीचा उजेड टाकून सगळे कोपरे बघितल्याशिवाय उतरत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

पिटलेसला फट फक्त दोन टोकांना, रॅम्पशी. लांबीच्या दोन्ही बाजू उघड्या. वाकून बघितलं की खाली काय साचलंय ते आरपार दिसतं. लांब दांड्याचा झाडू किंवा पाण्याचा पाइप मारला की साफ. पाणी आपोआप वाहून जातं. शून्य आलं नाही तर कारण शोधायला फार वेळ लागत नाही, निदान माझा तरी अनुभव असा.

त्याचे त्रासही सांगतो. चिखलाच्या दिवसांत रॅम्पवर टायर घसरतो, म्हणून काँक्रीटला आडव्या खाचा पाडून घ्या. काही चालक जोरात चढतात आणि प्लॅटफॉर्मवर कचकन ब्रेक मारतात. तो धक्का स्टॉपर बोल्टवर (प्लॅटफॉर्मला जास्त सरकू न देणारे बोल्ट) जातो, ते वरचेवर तपासावे लागतात. चढ संपल्यावर प्लॅटफॉर्मच्या आधी आठ-दहा फूट सपाट भाग ठेवला तर हा धक्का बराच कमी होतो. रात्री ट्रॉलीचं मागचं चाक कडेवरून उतरू नये म्हणून बाजूला पाइपचं रेलिंग आणि त्यावर रिफ्लेक्टर लागतात. हा खर्च कोटेशनमध्ये बहुतेक वेळा धरलेला नसतो.

कोणताही प्रकार घ्या, टप्पा, म्हणजे काटा दाखवतो तो सगळ्यात लहान फरक, शक्य तर 5 किलोचा मागा. भरलेला ट्रॅक्टर आठेक टनांचा. 10 किलोच्या टप्प्याच्या काट्याला एवढ्या वजनावर पडताळणीच्या वेळी 10 किलोपर्यंतची तफावत चालते, 5 किलोच्या काट्याला 5. वैधमापनची (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) पडताळणी आणि मुद्रांकन दर 12 महिन्यांनी होतंच, पण मधल्या काळात आपणही बघत राहावं. एकच भरलेला ट्रॅक्टर प्लॅटफॉर्मच्या पुढच्या टोकाला, मध्ये आणि मागच्या टोकाला उभा करून तीन वजनं घ्या. एका टोकाला आकडा हलला तर त्या बाजूचा लोडसेल किंवा अडकलेली फट, दोन्ही बघा. आणि प्लॅटफॉर्मवर वेल्डिंग करायची वेळ आली तर आधी लोडसेलच्या केबल सोडवा आणि वेल्डिंगची अर्थिंगची वायर जोडाच्या अगदी शेजारी लावा. तो करंट लोडसेलमधून गेला तर लोडसेल जातो.

जागा खरंच अपुरी असेल, गाड्या आडव्या वळवाव्याच लागत असतील, तर खड्ड्याला पर्याय नाही. मग पंपाला इन्व्हर्टर, जंक्शन बॉक्स जमिनीच्या वर आणि खड्ड्यात माणसाला वावरता येईल इतकी खोली, या तीन गोष्टी सोडू नका. पण रॅम्पपुरती जागा निघत असेल, शेजाऱ्याकडून चार-पाच फूट वाट मागून का होईना, तर मी पिटलेसकडे झुकेन. त्यातही कोटेशन देणाऱ्याला प्लॅटफॉर्मखालची मोकळी उंची विचारा. काही ठिकाणी रॅम्प आखूड करण्यासाठी ती इतकी कमी ठेवतात की खाली झाडू जात नाही, आणि मग पिटलेस घेण्यातला निम्मा फायदा तिथेच जातो. माझ्याकडे फुटभर आहे, पुरते.